टेलरकाकांच्या एकतीस बायका

प्रिय ताई,

हे पत्र घरी न येता कारखान्याच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, नोकरी शाबूत आहे आणि खोलीच्या मालकीणबाईंशी अजून भांडण झालेलं नाही. घरच्या पत्त्यावर नेहमीसारखं वेगळं पत्र टाकलंय, ते जेवणं झाली की सगळ्यांना वाचून दाखव. हे मात्र एकटीने वाच. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरचा फोन म्हणजे जाहीर सभा. बाबा स्पीकर लावून तो मधोमध ठेवणार, आई स्वयंपाकघरातून मध्येच विचारणार की जेवलीस का, आणि आत्या पलीकडच्या घरातून सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी त्यावर निकाल देणार. ही हकिगत सभेतली नाही. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्या भट्टीमागच्या बाकावर बस आणि सावकाश वाच. तुला हसू येईल. मलाही आता येतं, तेव्हा आलं नव्हतं.

माझं काम तुला ठाऊक आहेच, इतक्या वेळा मी त्याची फुशारकी मारली आहे. बायकांचा दवाखाना आणि त्यातली नोंदणीची खिडकी. जाड काच, खाली अर्धगोल फट, त्या फटीतून कोरा अर्ज बाहेर आणि भरलेला आत. अर्जात चौदा रकाने. मी रुजू झाले त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आधीच्या मुलीच्या वेळी निम्मे अर्ज अपुरे यायचे, तेवढं बघ. झालं. घरातली पहिली पदवीधर, नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिला जगातली एक चूक दुरुस्त करायला मिळाली, मग काय विचारतेस. रिकामा रकाना दिसला की अर्ज फटीतून परत. काच जाड म्हणून आवाज चढवावा लागायचा. 'सातवा राहिला. पतीचं नाव. आठवा, पतीचा फोन.' मागच्या बाकावरच्या दहाबाराजणी एकदम माना वर करायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझं लक्ष कागदावर. चार महिन्यांत एकही अर्ज अपुरा गेला नाही म्हणून मी फोनवर सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, 'ग्रॅज्युएट आहे आमची, गंमत नाही.' तू काहीच बोलली नव्हतीस. मला वाटलं, तू आत असशील.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि तिचा मी अगदी सोयीचा अर्थ लावून ठेवला होता. पतीचं नाव म्हटलं की तरुण मुली मान वळवायच्या, जरा वेळ मागे रस्त्याकडे बघत राहायच्या आणि मग लिहायच्या. मला वाटायचं, नवं नवं लग्न असेल, लाजतात. एकदा तर मी एकीला काचेतून म्हटलंसुद्धा, 'अहो, लाजता काय एवढ्या, नवराच आहे ना तो.' ती अशी काही लालबुंद झाली की मला माझ्याच विनोदबुद्धीचं कौतुक वाटलं. मी वाचत नव्हते ना, ताई, कोण काय लिहितंय ते. रकाना भरलाय की नाही एवढंच बघायचं आणि शिक्का मारायचा.

आता दवाखान्यासमोरचा रस्ता डोळ्यांपुढे आण. पलीकडे एक चावीवाला, एक झेरॉक्सचं दुकान आणि मधोमध टेलरकाकांचं दुकान. काका कापतात आणि शिवतात, काकू काज-बटणं आणि खालच्या पट्ट्या करतात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्या भल्या माणसाची या भागात पुरेशी बदनामी होऊन गेली आहे. दीड महिन्यापूर्वी आमच्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या नर्स, न नेलेल्या रिपोर्टांची यादी घेऊन फोन करायला बसल्या. आमच्याकडे तशी पद्धत आहे, तीन आठवडे रिपोर्ट कोणी नेला नाही तर अर्जावरच्या नंबरावर फोन जातो. पहिला फोन लागला. सिस्टर म्हणाल्या, 'तुमचा रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा.' पलीकडून बाईचा आवाज, 'कसला रिपोर्ट? मी तर कुठे आलेच नाही.' सिस्टरांनी सातव्या रकान्यातलं नाव वाचून विचारलं, 'तुम्ही यांच्याच पत्नी ना?' 'हो, गेली तीस वर्षं.' सिस्टरांनी पुन्हा कागद बघितला. 'वय वर्षं एकवीस?' पलीकडून, 'एकवीस वर्षांचा माझा मुलगा आहे, बाई.' सिस्टरांनी माफी मागून फोन ठेवला आणि यादीतला पुढचा नंबर न बघताच फिरवला. उचलला त्याच बाईने. या खेपेला वय वर्षं एकोणीस. तिसऱ्या खेपेला वय वर्षं सत्तावीस, आणि मग पलीकडूनच फोन आपटला गेला. दवाखान्याने फोनवर कोणाला काय सांगू नये हा एक वेगळाच धडा आहे, तोही आम्हाला त्याच दिवशी मिळाला.

दहा मिनिटांत टेलरकाकू रस्ता ओलांडून हजर. गळ्यात मापाची टेप, ओठांत दोन टाचण्या, तशाच आल्या होत्या. टाचण्या ओठांत धरून बाई काय बोलते ते कळायला वेळ लागतो, पण रागावली आहे हे लगेच कळतं. मागून काका, चष्मा कपाळावर, 'अगं, ऐक तरी, अगं, मला दिवसभरात मान वर करायला फुरसत असते का.' त्यावर काकू, 'मान खाली घालूनच होतात ही सगळी कामं.' बाकावरच्या बायका आपला नंबर विसरून ऐकत होत्या. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं, दार लावलं आणि चार महिन्यांच्या फाइली मला काढायला लावल्या. मी काढत गेले आणि पहिल्यांदाच वाचत गेले. सातव्या रकान्यात तेच नाव. पुन्हा तेच. निळ्या शाईत, काळ्या शाईत, गिचमिड, टपोरं, एकीने तर खाली नक्षीदार रेघही मारली होती. फाइली बाईंनी काकूंना दाखवल्या नाहीत, फक्त आकडा सांगितला. एकतीस. काका खुर्चीवर बसले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, जसा काही आकडा दिसणारच होता. मग म्हणाले, 'एकतीस बायका, आणि एकीनेही आजवर माझ्याकडे साधी बाही आत घ्यायला टाकली नाही.' काकूंनी आधी टाचण्या तोंडातून काढल्या, नीट टेपेला टोचल्या आणि मग त्या जे हसायला लागल्या ते डॉक्टरीणबाईंना घेऊनच.

मी हसले नाही. मला राग आला होता. ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, 'बाई, या मुली सरळसरळ खोटं लिहितात. उपचार हवे तर खरं लिहायला काय होतं?' बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, 'तुझं लग्न व्हायचंय ना अजून? मग जा बाहेर, रांगेत उभी राहा आणि अर्ज भरून आण. खिडकीवर शिपाईमामा बसतील.' मला वाटलं, चेष्टा आहे. ती नव्हती. मी बाहेर गेले. माझ्यापुढे चौघी, मागे तिघी. बाहेरून ती खिडकी किती उंच वाटते, ताई, मी कधी बघितलीच नव्हती. सहा रकाने झाले. सातव्याशी मी थांबले, रिकामा सोडला, अर्ज सरकवला. मामांनी तो बघितला, घसा खाकरला आणि अगदी माझ्या आवाजात, माझ्याच सुरात ओरडले, 'सातवा राहिला. पतीचं नाव.' ते माझी नक्कल करतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं, बाकीच्या सगळ्यांना होतं. मी म्हटलं, 'नाही.' मामा म्हणाले, 'मोठ्याने बोला, ऐकू येत नाही.' माझ्यामागच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या पोटाशी येऊन तिची नजर थांबली. मी तिथे नोकरी करते, ताई, ती बाई मला ओळखतही असेल, तरी माझे कान तापले. तोंड लपवायला मी मान वळवली. समोर रस्त्यापलीकडे पाटी, लाल अक्षरांत, दारापेक्षा रुंद, टेलरकाकांचं नाव आणि खाली फोन नंबर. खरं सांगते, पेन आपोआप कागदावर टेकलं. पहिलं अक्षर लिहूनही झालं होतं. बत्तिसावी होता होता राहिले.

नंतर कळलं की त्या मुली एकमेकींना सांगायच्या. बाकावर जुनी नवीला कुजबुजायची, 'समोरची पाटी लिही, काही होत नाही.' माझ्या नाकासमोर, काचेपलीकडे, चार महिने. आणि अशा येतात तरी कशासाठी? कोणाची पाळी पंधरा पंधरा दिवस थांबत नाही, कोणाची तीन महिने येत नाही, कोणाला अंगावरून जातं आणि ते कोणाला सांगायचं हे माहीत नाही, कोणाला जागेवरून उठवत नाही इतकं पोटात दुखतं. दात दुखला म्हणून गेलं तर कोणी नवऱ्याचं नाव विचारतं का? पण हा दवाखाना असा की लग्नाआधी त्याची पायरी चढलेली दिसली तर चढण्याचं कारण लोकच ठरवून टाकतात. म्हणून मग मुली थांबतात. लग्न होईपर्यंत थांब, म्हणतात सगळे, जणू दुखण्याला पत्रिका बघता येते.

हे लिहिताना मला आपलं मागचं दार आठवतंय. माझी दहावीची परीक्षा होती आणि तू पायरीवर पोटाशी गुडघे घेऊन बसली होतीस, ओठ पांढरे. आई म्हणाली, बाईच्या जातीला हे लागलेलंच आहे, तिकडे लक्ष देऊ नये. आत्या म्हणाली, लग्न झालं की थांबतं, आणि एक मूल झालं की आठवतही नाही. त्यावर तू तशा अवस्थेत म्हणालीस, 'म्हणजे औषध म्हणून नवरा. दिवसातून दोनदा, जेवणानंतर.' आत्याने तोंडाला पदर लावला, आई खोटं खोटं रागावली, मी तर लोळले हसून. आणि मग मी उठून अभ्यासाला बसले. पुढे तू कपांना कान लावायला कारखान्यात जायला लागलीस, दिवसाला सहाशे कान, उभ्याने, आणि तुझ्या त्या कानांवर मी तीन वर्षं कॉलेज केलं. दर महिन्याला दोन दिवस तू मुकादमाला काय सांगत असशील, हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या विनोदावर हसले की मला वाटायचं, बरं वाटत असेल तिला.

असो. आता पुढचं ऐक, ते चांगलं आहे. डॉक्टरीणबाईंनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं की अर्ज बदलून द्या. उत्तर यायचं तेव्हा येईल. तोवर काय, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, 'छापलेला रकाना काढायला परवानगी लागते, त्याच्यावर रेघ मारायला लागत नाही.' मी पट्टी घेऊन बसले आणि साठ्यातल्या सगळ्या अर्जांवरचे सातवा आणि आठवा हे रकाने उभे आडवे खोडले. त्यांच्या जागी बारीक अक्षरात लिहिलं, निरोप कोणाला द्यायचा, आणि द्यायचा नसेल तर रिकामं सोडा. पहिले दोन दिवस रिकामा रकाना बघून हात शिवशिवायचा. काचेला तोंडाच्या उंचीवर गोल भोक पाडून घेतलं, आता मी हळू बोलते. मामांनी नावं पुकारायची नाहीत, आकडे पुकारायचे असं ठरलं. ते सहा म्हणतात आणि नवाकडे बघतात, पण कोणाची तक्रार नाही. आणि टेलरकाकूंनी दुकानात दोन खुर्च्या टाकल्या आहेत. ज्या मुलीला रस्त्याकडच्या बाकावर बसायचं नसेल ती तिथे बसते. कोणी ओळखीचं दिसलंच तर काकू तिच्या खांद्याला टेप लावून माप घ्यायला लागतात. परवा काकांनी बाहेर येऊन मला सांगितलं की आता बायका थोड्या कमी झाल्या, पण गिऱ्हाइकं वाढली.

मागच्या महिन्यात एकोणीस मुलींनी ती जागा रिकामी सोडली. तुला वेडेपणा वाटेल, पण मी तो आकडा खोलीत भिंतीवर लिहून ठेवलाय. एकीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तिने त्या नव्या भोकातून मला विचारलं की दोन वर्षं मूल नको असेल तर कोणाला भेटायचं, घरी विचारलं तर आई उठून निघून जाते. मी दोन नंबरची खोली सांगितली. तिच्यामागे तीन मुलांची एक आई होती, ती पुढे सरकून म्हणाली, 'हिला जे सांगाल ते जरा मोठ्याने सांगा, माझं ते विचारायचं राहूनच गेलं.' दोघी एकदमच आत गेल्या.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ते तीन रिपोर्ट, ज्यांच्यामुळे हे सगळं उघडकीला आलं. एकवीस वर्षांची मुलगी आपणहून आली, वर भांडली की मला कळवलं का नाही. एकोणीसची बेकरीत कामाला आहे हे सिस्टरांना आठवलं, त्या पाव आणायला गेल्या आणि काउंटरवर हळूच म्हणाल्या, 'तुमचं एक पाकीट आमच्याकडे राहिलंय.' तिचे उपचारही सुरू झाले. तिसरी मात्र येत नाही. पत्त्याच्या जागी नुसतं 'बसस्टँडजवळ'. दीड महिना झाला. सिस्टर रोज सकाळी विचारतात, आली का ती. त्यांनी तो रिपोर्ट वाचलाय, मी नाही, आमच्याकडे पाकीट बंद असतं. मला त्या एवढंच म्हणाल्या, 'भेटली तर सांग तिला, घाबरण्यासारखं काही नाही, औषधाने आटोक्यात येतं. पण लग्न होईपर्यंत थांबण्यासारखंही नाही. आधीच बरीच वर्षं काढलेली दिसतात तिने.'

म्हणून मंगळवारी मी तिचा अर्ज मागून घेतला, काही धागा सापडतो का बघायला. एका बुधवारचा होता. बुधवारी माझी सुट्टी असते, खिडकीवर औषधं देणारी मुलगी बसते. नाव भलतंच होतं, पण फोन नंबरात दोन पाच होते, ताई. दोन्ही पोट पुढे काढून उभे, आपल्या बाबांसारखे. असा पाच या जगात दोनच माणसं काढतात, एक तू, आणि दुसरी मी, कारण मला तो पाटीवर तूच शिकवलास. मग मला आठवलं की त्याच आठवड्यात आईने सांगितलं होतं, बुधवारी ताईला कारखान्यात जादा काम होतं. तू बसचे दोन तास येऊन, नेमकी माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्याच खिडकीवरून परत गेलीस. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी रुसून होते, कोणावर ते कळत नव्हतं. पण एकही अर्ज अपुरा जाऊ देत नाही म्हणून सांगणाऱ्या मुलीकडे मी तरी गेले असते का? मी कोणाला काही बोललेले नाही, सिस्टरांनाही नाही, आणि विचारणारही नाही. पाकीट बंद आहे, तुझ्याच हाताने उघडायचं. घरच्या पत्रात मी लिहिलंय की मला खोली लावायला मदत हवी आहे, ताईला चार दिवस पाठवा. आई नाही म्हणणार नाही, आत्या म्हणाली तर तिला म्हणावं, स्थळ बघायला येणार त्याच्या आत परत येते. तू ये. मी खिडकीवर असावं असं वाटत असेल तर असेन, आत तुझ्यासोबत बसावं असं वाटलं तर बसेन, आणि मी नकोच असेन तर त्या दिवशी टेलरकाकूंकडे बटणं लावत बसेन, तू बाहेर येईपर्यंत मान वर करणार नाही. रविवारी फोनवर सभा भरेलच. कुठल्या बसने येतेस, तेवढंच सांग.

तुझीच,
धाकटी